केंदूरला आणलेला किल्ला

मोजल्याशिवाय जगातली कुठलीही गोष्ट खरी मानायची नाही, असा बाणा सांभाळणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो सहा वर्षं एस्टीत माझ्या शेजारी बसत होता. मी शिरूरच्या स्टँडवर चढायचो, ते केंदूरहून सायकल हाणत शिक्रापूरला यायचे, आणि पुण्याच्या वाटेवरच्या आमच्या पंपाच्या कारखान्यापर्यंत आम्ही जोडीनं जायचो. कारखान्यात मी इंजिनिअर आणि ते फिटर. एस्टीत मात्र शहाणपणाची वाटणी बरोबर उलटी होती. बसल्या बसल्या ते पुढच्या बाकापर्यंतचं अंतर वितीनं घेत आणि "ही कालची गाडी न्हाई साहेब, दोन बोटं आखूड हाय" असं जाहीर करत. कंडक्टरला विचारावं तर गाडी खरंच बदललेली निघे. राहू गावी मुलगी बघायला गेले तेव्हा त्यांनी मुलीच्या आधी तिच्या घराची चौकट मोजली, ही गोष्ट त्यांची बायकोच हसून सांगायची. चौकट गुण्यात, म्हणजे अगदी काटकोनात बसली, तेव्हा "माणसं सरळ दिसत्यात" म्हणत ते होकार देऊन उठले. त्यांच्या घरातली बुद्धाची तसबीरसुद्धा ओळंबा सोडून लावलेली होती. वाऱ्यानं ती हलली की भाकरी तशीच टाकून ते उठायचे.

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरचा सुमार असेल. कारखान्यानं एका जपानी कंपनीशी करार केला आणि आठ महिन्यांच्या शिक्षणासाठी दोघांना तिकडे धाडायचं ठरलं: एक मी, एक ते. निवडीबद्दल कुणी ब्र काढला नाही, कारण कानानं बेअरिंगचा दोष सांगणारा दुसरा माणूस आमच्याकडे नव्हताच. नियम असा होता की अधिकाऱ्यानं कुटुंब न्यावं, कामगारानं एकट्यानं जावं. मी खुशीत बायकोचा आणि दोन्ही पोरांचा पासपोर्ट काढला. निघायच्या दिवशी शिक्रापूरच्या फाट्यावर त्यांची बायको पोरांना घेऊन आली होती. सुमन सहा वर्षांची, मिलिंद चारचा. अगदी माझ्या मंजू आणि बाळूच्या जोडीचे. सुमननं माझ्या पोरांचे नवे बूट पाहिले आणि बापाला विचारलं, "आण्णा, आमाला का न्हाई नेत?"

जगातल्या प्रत्येक गोष्टीचं माप तोंडपाठ असलेला तो माणूस तिच्या उंचीइतका खाली बसला. मग म्हणाला, "तिथं ज्ये काय लई भारी असंल, त्ये तुमाला दाखवीन. सबुद देतो."

"फोटूत न्हाई," सुमन म्हणाली.

"फोटूत न्हाई. आत शिरून."

मी बाजूला उभा राहून ट्रंका मोजत होतो.

जपानमध्ये त्यांनी पहिल्याच आठवड्यात होस्टेलच्या खोलीतल्या चटया, कारखान्याची दारं आणि फोरमनचं जेवणाचं ताट मोजून टाकलं. भाषेवाचून त्यांचं कधी अडलं नाही. मी शब्दकोशात शब्द शोधेपर्यंत त्यांची आणि समोरच्याची हातवाऱ्यांनी मापं ठरून जायची. रविवारी ते आमच्याकडे जेवायला यायचे, पोरांना खांद्यावर घ्यायचे आणि दर खेपेला विचारायचे, "साहेब, हितलं लई भारी काय म्हणायचं?" आगगाडी त्यांना लई भारी वाटली, पण ती केंदूरला कशी न्यायची? उंच इमारतीही नापास झाल्या. "निस्ती काच हाय" म्हणाले. आठ महिन्यांपैकी सहा असेच गेले आणि त्यांचा जीव कासावीस व्हायला लागला. सुमनच्या पत्रात दर वेळी एकच ओळ असायची: सापडलं का?

शेवटी फोरमननं एक जुनं किल्ल्याचं गाव सुचवलं. गाडीनं दोन तास लागायचे. एका थंडगार रविवारी आम्ही सगळे गेलो. बायकोनं दशम्या आणि लसणाची चटणी बांधून घेतली होती. गावातले बोळ मुद्दाम वाकडे काढलेले, शत्रू शिरला तर चुकावा म्हणून. शत्रूचं माहीत नाही, आम्ही तीनदा त्याच मिठाईवालीच्या दारात आलो. तिसऱ्यांदा त्या बाईनं हसून पोरांच्या हातावर एकेक लाडू ठेवला आणि स्वतः वाट दाखवायला निघाली. बोळ संपला आणि समोर पाण्यानं भरलेल्या खंदकापलीकडे तो सहा मजली लाकडी किल्ला उभा राहिला.

आमच्या फिटरनी कमरेवर हात ठेवले. "ह्यो किल्ला? सपाटीवर? ह्यो तर वाडा झाला साहेब! डोंगुर न्हाई, कडा न्हाई. शिवनेरीवर असला एखादा धान्याला ठिवला असता." मग ते सगळ्या तटाला फेरी मारून आले, विहीर कुठं आहे, चोरवाट कुठं निघते, किती दिवस तग धरेल याचा हिशेब केला आणि कुरकुरत आत शिरले. दारात बूट काढून पिशवीत घालायचे आणि पिशवी हातात घेऊन हिंडायचं, हा तिथला रिवाज. तो मात्र त्यांना फार पसंत पडला.

आत गेल्यावर त्यांची कुरकुर थांबली. माणसाच्या कवेत न मावणारे खांब, आणि सांध्यात एक खिळा नाही. त्यांनी एका सांध्यावर हात फिरवला, नख घालून पाहिलं. नख शिरेना. जिने शिडीसारखे उभे होते. दुसऱ्या जिन्याच्या तोंडाशी आडवी तुळई होती, तिच्यावर माझं डोकं असं आपटलं की बाळू आनंदानं ओरडला, "पुन्हा!" सहाव्या मजल्यावर खिडकीशी गाव, खंदक आणि लांबचे डोंगर बघत ते बराच वेळ उभे राहिले. डोळ्यांत पाणी होतं. "साहेब, घावलं," ते म्हणाले आणि खिशातून सुतळीचा गुंडा काढला.

मग जे सुरू झालं ते दुपारभर चाललं. सुतळीचं एक टोक मंजूकडे, दुसरं त्यांच्याकडे. खोलीमागून खोली, खांबामागून खांब. बाळूला खुणेचा दगड म्हणून कोपऱ्यात उभा करायचे आणि तोही शहाण्यासारखा उभा राहायचा. दर मापाला एक गाठ. दाराची गाठ वेगळी, जिन्याची दुहेरी. मी फोटो काढतो म्हटलं तर नको म्हणाले. ते बरंच झालं, कारण मी काढलेल्या सगळ्या फोटोंत पुढं माझ्या पोरांची डोकी आली आणि मागं किल्ला औषधालाही नाही.

तिसऱ्या मजल्यावर पांढऱ्या मिशांचा रखवालदार धावत आला. किल्ल्याला सुतळ्या बांधणारा माणूस त्यानं जन्मात पाहिला नसावा. मी घाईघाईनं शब्दकोश चाळायला लागलो. आमचे फिटर मात्र शांतपणे खाली बसले. हातानं एक उंची दाखवली, मग तिच्याहून लहान दुसरी. छातीवर हात ठेवला. मग खिडकीतून लांब, फार लांब बोट केलं. दोन्ही हात रिकामे उघडून दाखवले आणि सुतळी पुढं धरली. म्हातारा मंजूकडे पाहत राहिला, बाळूकडे पाहत राहिला. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढून ठेवली, मंजूच्या हातातलं टोक घेतलं आणि स्वतः जिना चढायला लागला. आमच्यासाठी बंद असलेल्या दोन खोल्याही त्यानं उघडून दिल्या. निघताना दोघं एकमेकांपुढं इतके वेळा वाकले की परतीची गाडी चुकली.

परत येताना सगळ्यांच्या सामानात ट्रान्झिस्टर आणि कॅमेरे. त्यांच्या ट्रंकेत सुतळी. मुंबईला कस्टमवाल्यानं गाठीच गाठींचा तो भला थोरला गुंडा उचलून विचारलं, "हे काय?"

"किल्ला हाय साहेब," ते म्हणाले. कस्टमवाल्यानं दोनदा गुंडा हुंगला आणि जाऊ दिलं.

मग उन्हाळ्यात एक दिवस एस्टीत म्हणाले, "साहेब, ऐतवारी या. वैनींना आन् पोरांना आणा. वहाणा ठिवायला पिशव्या आणा." आम्ही गेलो. गावाबाहेर त्यांचं खडकाळ पडीक रान होतं. तिथं त्यांनी फक्कीनं, कबड्डीचं मैदान आखतात तसा, अख्खा किल्ला आखला होता. हातभरही कमी न करता. "माळे एकावर एक चढवता येत न्हाईत," ते म्हणाले, "म्हून शेजारी मांडलेत. जिना आला की पाय उचलायचा." खांबांच्या जागी दगड होते. फक्त एक गोष्ट खरी होती: दुसऱ्या जिन्याशी दोन मेढींवर बांधलेली बाभळीची तुळई, नेमक्या त्याच उंचीची. मी फक्कीकडे बघत चाललो होतो, तिच्यावर माझं डोकं आपटलं. निम्मं केंदूर गोळा झालं होतं, ते पोट धरून हसलं. "यात बघायचं काय?" म्हणत आलेले पाटीलसुद्धा नंतर वहाणा हातात घेऊन मुकाट्यानं रांगेत चालताना दिसले.

किल्ला दाखवत होती सुमन. पुढं ती, मागं मिलिंद, आणि त्यांच्या मागं माझी पोरं. मंजूनं घाईत एक पांढरी रेघ ओलांडली तशी सुमन किंचाळली, "अगं, भिंतीतनं काय जाती!" मंजू, जी खऱ्या किल्ल्यात दुपारभर सुतळी धरून उभी होती, ती ओशाळून मागं फिरली आणि दारानं आत आली. सहाव्या माळ्यावर चौघं फक्कीच्या खिडकीशी ओळीनं उभी राहिली.

"हितनं समदं गाव दिसतं," सुमन म्हणाली, "आन् पाणी."

"हो," मंजू म्हणाली, "आणि डोंगर."

चौघंही बघत होती. फिटर माझ्या शेजारी उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. उतरताना मी त्यांना गाठलं आणि वर्षभर राहून गेलेलं बोललो, "जायचं ठरलं तेव्हा मोठ्या साहेबांकडे तुमच्या पोरांसाठी मी एक शब्द टाकायला हवा होता. मला सुचलंच नाही हो."

मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ द्या. "व्हय," ते म्हणाले. "टाकायला पायजे व्हता."

आवाजात राग नव्हता. चौकट दोन बोटं तिरकी आहे हे ते ज्या आवाजात सांगत, तोच आवाज होता. मग त्यांनी माझ्या दंडाला धरलं. "चला. आन् वाईच जपून, तुळई हाय."

या खेपेला मी वाकलो.