यंत्र ठेवून फीत नेणारा चोर

तुमच्या घरात, माळ्यावर किंवा एखाद्या ट्रंकेत, कुणाचा तरी आवाज पडून आहे का? असेल, तर तो भरून घेताना त्या माणसाला कुणी विचारले होते का?

प्रश्न टोचणारा आहे, पण मला तो एका चोरीने शिकवला. माझ्या नोकरीत दरोडे झाले, खून झाले. त्यांतले बरेच फायलींबरोबर माझ्याही डोक्यातून गेले. जुन्नरची ती चोरी मात्र गेली नाही. नावे कुणाचीच सांगणार नाही. त्यातला एक जण पुढे इतका मोठा गायक झाला की नाव घेतले तर तुम्ही चोरी सोडून त्याच्याबद्दलच विचाराल.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी जुन्नरला नवा फौजदार होतो. सुधारकांची पत्रके वाचून वाढलेला आणि जुन्या समजुतींवर तुटून पडायला सदा तयार. एका दुपारी बाजारपेठेतला लाऊडस्पीकरवाला चाचा फिर्याद घेऊन आला. ओझरचा उत्सव असो की कुणाचे लग्न, कर्णे त्याचेच लागत. नुकतेच त्याने मुंबईहून आवाज भरायचे यंत्र आणले होते.

"साहेब, फीत गेली."

"आणि यंत्र?"

"यंत्र हाये जागेवर."

आमच्या जमादारांनी लेखणी थांबवली. "चाचा, बैल सोडून दावं नेलं म्हणता?"

"तेच म्हणतोय राव! दावंच नेलं!"

चाचा दुपारच्या नमाजाला गेला होता. दुकानाला कुलूप लावायची पेठेत पद्धत नव्हती. दारावर फडके ओढले की दुकान बंद, आणि ते फडके सगळे पाळत. त्या दिवशी कुणीतरी पाळले नव्हते. गल्ला जागेवर होता. नवेकोरे यंत्र, ज्याच्यासाठी चाचाने घरातले दागिने मोडले होते, तेही जागेवर. फक्त वरची तपकिरी फितीची चकती गेली होती.

त्या फितीवर काय होते? निमगाव साव्याच्या एका लग्नातला गोंधळ. पेठ गावचे गोंधळी, बाप आणि लेक. बाप संबळ वाजवणारा, लेक गाणारा. गावात वीज नव्हती, म्हणून चाचाने मोटारीच्या बॅटऱ्यांवर यंत्र चालवले होते. नंतर ती फीत तो बाजाराच्या दिवशी दुकानात लावी आणि रस्त्यावर माणूस थांबे. मीही एकदा सायकलवरून उतरून ऐकली होती. तो आवाज ऐकताना पाय हलत नसे.

मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीचा एक माणूस येत्या बाजाराला ती ऐकायला येणार होता. समोर बसून गाणारे त्याला पायलीचे पन्नास मिळत. आवाज यंत्रात कसा उतरतो, एवढेच त्याला पाहायचे होते. पुन्हा भरायची म्हटले तर कोरी फीत मुंबईहून यायला हवी, आणि तितके दिवस हातात नव्हते. फीत सापडली नाही तर पेठचा तो तरुण आयुष्यभर सुपलीत धान्य घेऊन गात राहणार होता.

माझा पहिला संशय नारायणगावच्या दुसऱ्या लाऊडस्पीकरवाल्यावर गेला. त्याला बोलावले. तो हसत हसतच आत आला.

"साहेब, चोरायचंच असतं तर मशीन नेलं असतं. नुसती फीत नेऊन काय कंबरंला बांधू?"

खोटे बोलणारा माणूस आधी रागावतो, मग शपथा घेतो. हा दोन्ही करत नव्हता. त्याला सोडले.

खबर आली ती समोरच्या चहावाल्याकडून. पोलिसांनी पेठेतल्या चहावाल्याशी कधी वैर धरू नये. तो म्हणाला, "एक म्हातारा यायचा बगा. गळ्यात कवड्यांची माळ. समोर बसायचा. फीत थांबली की उठून उभा ऱ्हायचा, मशीनला हात जोडायचा. पुन्यांदा लावली की त्वांड कसनुसं करायचा. मला वाटलं, गाणं आवडत न्हाई. मंग येतो कशाला?"

मलाही तेच कळेना. गायकाला ठाण्यात बोलावले होतेच. चहावाल्याने सांगितलेले मी त्याच्यासमोर पुन्हा सांगितले. कवड्यांच्या माळेवर येताच तो पोरगा उठून उभा राहिला. मग एकदम म्हणाला, "साहेब, फीत मी चोरली. लिवा."

"तू? तुझाच आवाज, तुझंच नशीब, आणि तूच चोरलीस?"

"व्हय."

"मग कुठं ठेवलीस?"

"ठेवली हाये कुटं तरी." चौकशीत कबुली मिळाली की नवा अधिकारी हुरळतो. पण ज्याला माल दाखवता येत नाही, त्याची कबुली दुसऱ्या कुणासाठी असते. जमादार हळूच म्हणाले, "बाप हाये साहेब. कवड्यांची माळ बापाची."

पेठ गाव आमच्या हद्दीबाहेर. तिथल्या ठाण्याला रीतसर कळवले, गावचे पोलीस पाटील आणि पंच घेतले आणि पोरासह म्हाताऱ्याच्या दारात उभे राहिलो. झडती घ्यावी लागलीच नाही. देव्हाऱ्यात, देवांच्या टाकांच्या शेजारी, फितीची चकती ठेवलेली होती. हळदकुंकू वाहिलेली. पुढे दिवा तेवत होता.

"बाबा, ही तुम्ही आणलीत?"

"आणली. फडकं सारलं आन् आणली. चाचाचं पाप लागंल मला, ठाऊक हाये."

पोराचा बांध फुटला. "आबा, माझं नशीब देव्हाऱ्यात घालून बसलासा व्हय?"

"तुझं नशीब व्हईल रं. पर समद्या देवांना नाव घेऊन बलावलंस तू. तुळजापूरची आली, माहूरची आली, जेजुरीचा आला. आन् मशीन मधीच बंद पडलं. आरती न्हाई, दिवटी दुधात शांत केली न्हाई, देवांना माघारी धाडलं न्हाई. त्यो चाचा दर बाजाराला त्यांना बलावतो आन् वाटंवर उभं करतो. पावण्याला तरी कुणी असं करतं का?"

बॅटऱ्या! निमगाव साव्याला बॅटऱ्या उतरल्या आणि गोंधळाचा शेवट भरायचा राहिला, हे चाचाने फिर्यादीत सांगितले नव्हते. त्याच्या लेखी ती किरकोळ बाब होती.

"मग जाळून का नाही टाकलीत?" मी विचारले.

म्हाताऱ्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी काही अभद्र बोललो होतो. "पोराचा आवाज हाये साहेब त्यात."

पंचनामा लिहिताना पंच अडले. 'हळदकुंकू लावलेली फीत' लिहायचे की नुसती 'फीत'? मी म्हणालो, जसे दिसते तसे लिहा.

मुद्देमालाच्या खोलीत ती ठेवली तर आमचे निम्मे ठाणे आत जाईना. एका शिपायाने दारात उदबत्ती लावली. जमादार म्हणाले, "साहेब, चाकू, गावठी दारूचे डबे आन् वर देव. लवकर कोर्टात न्या." मी त्यांना अंधश्रद्धेवर व्याख्यान दिले. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि उदबत्ती बदलली.

कोर्टात चाचाने तडजोडीचा अर्ज दिला. मॅजिस्ट्रेटनी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, अर्धं काम मी सोडलं. चोरी त्याची, पर खोट माझी." परवानगी मिळाली, फीत त्याच्या ताब्यात गेली. चकतीवर फीत पुष्कळ शिल्लक होती. त्याच दुपारी दुकानात बाप संबळ घेऊन बसला, लेकाने तुटल्या जागेपासून गाणे उचलले. आरती झाली, देवांना आपापल्या ठाण्याला जायची विनवणी झाली, म्हाताऱ्याने दिवटी दुधात शांत केली. ती विझतानाची चर्रर्र सुद्धा फितीत उतरली. चाचा कानाला हेडफोन लावून ताठ बसला होता. मी दारात उभा होतो, टोपी हातात घेऊन. का काढली होती, ते आजही सांगता येणार नाही.

कंपनीचा माणूस आला. ऐकून खूश झाला. पण त्याच्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत, आणि त्याला हवे होते फक्त देवांना बोलावणे. "तेवढंच द्या. तेच लोकांना चढतं."

पोराने बापाकडे पाहिले नाही. मी मुद्दाम बघत होतो. तो म्हणाला, "ते न्हाई मिळायचं. दुसरं कायबी मागा, गातो."

माणूस चिडला, छत्री उचलून दारापर्यंत गेला. चाचाच्या हातातला पेला तसाच राहिला. मग पोराने, साथ न घेता, गोंधळातल्या कथेचा एक तुकडा उचलला. छत्री परत कोपऱ्यात गेली. पुढचे तुम्ही रेडिओवर ऐकले आहे.

मी आजही मानतो की देव फितीत येऊन अडकत नाहीत. माझे ते मत कुणी बदललेले नाही. पण म्हाताऱ्याचे भांडण खरे होते. गाणे त्यांच्या घरचे, गळा त्याच्या लेकाचा, आणि ते कुठे थांबायचे हे ठरवले कुणी? उतरलेल्या बॅटरीने! त्याला कुणी विचारलेच नाही, म्हणून एका सरळ माणसाला दुसऱ्याच्या दारावरचे फडके सारावे लागले. कायद्याच्या कागदावर चोर म्हणून त्याचेच नाव लागले. आधी झालेल्या चोरीला आमच्याकडे कलमच नव्हते.

म्हणून एक मागणे. घरातली ती जुनी फीत, ती कॅसेट आज खाली काढा. त्यावर कुणाचा आवाज आहे ते शोधा, त्याच्या किंवा त्याच्या लेकरांच्या दारी जा आणि त्यांच्यासमोर ती लावा. अर्धी असेल तर विचारा, पुढे काय होते. आणि एकदा लावलीत, की शेवट होईपर्यंत उठू नका.