ट्रस्टच्या रानातलं वाडं

आमचे वडील फौजेतून सुभेदार होऊन परतले, तेव्हापासून इस्लामपूरजवळच्या आमच्या घरात म्हशीसुद्धा वेळेवर दूध देऊ लागल्या. बंदोबस्त हा त्यांचा आवडता शब्द. माझं लग्न वडूजकडच्या एका मास्तरांशी ठरलं, तेव्हा त्यांनी माझाही बंदोबस्त केला. मी एकुलती एक. आत्याच्या नावचं रान तिच्या नवऱ्यानं विकून खाल्लं होतं आणि ती माहेरी येऊन राहिली होती. तिला रोज समोर बघून वडिलांनी धसकाच घेतला होता. ते सांगलीला वकिलाकडे गेले आणि माझ्या वाट्याच्या उसाच्या रानाचा ट्रस्ट करून आले. विश्वस्त ते आणि चुलते. उत्पन्न माझं, सासरच्या कुणाचा रानावर हक्क नाही.

इथवर ठीक होतं. बापानं लेकीची काळजी घेतली तर नावं कोण ठेवील? पण सुपारी फोडायच्या बैठकीत, मानपान ठरून याद्या झाल्यावर, वडिलांनी तो कागद काढून चारचौघांत मोठ्यानं वाचला. वर सासऱ्यांना म्हणाले, "पाव्हणं, ऐकून समजलं म्हणून हितं आंगठा द्या."

मी दाराआड उभी होते.  सासऱ्यांचं घराणं मेंढरं राखणारं, गावाकडं थोडं कोरडवाहू रान. दरसाल ते आमच्याच भागात उतरायचे आणि खतासाठी लोकांच्या रानात मेंढरं बसवायचे. त्यांनी अंगठा उठवला, शाई धोतराला पुसली आणि म्हणाले, "लोकांच्या रानात आमची हयात गेली, सुभेदार. कुणाचं ढेकूळ उचललं न्हाई."

"तसं न्हाई हो, आपली रीत म्हणून," वडील म्हणाले. कसली रीत? आमच्या सात पिढ्यांत असली रीत नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासरी त्या कागदाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. टोमणा मारला असता तर मी भांडले असते, भांडण मला चांगलं जमतं. सासूबाई उलट तव्यावरची पहिली भाकरी माझ्याच ताटात वाढायच्या आणि लाजेनं मला घास गिळवायचा नाही.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. मेंढरं गेली, दावणीला बैलजोडी तेवढी राहिली. ती गेली तर पुढची पेरणी कशानं करायची? कडब्याची पेंडी मिळेना. मी कुणाला न विचारता माहेरी निरोप धाडला. तिकडे नदीकाठचा ऊस उभा होता. वडील स्वतः ट्रकभर वाडं, म्हणजे उसाचे शेंडे, घेऊन आले. हिरव्या शेंड्यांचा वास आला तसे बैल दाव्याला हिसके देऊ लागले.

सासरे अंगणात आले. "कंच्या रानातलं?"

"पोरीच्याच की."

"मग न्हाई घेता यायचं."

"आवं, जनावरं मरत्याल."

"मरत्याल. पर त्या रानावर आमचा हक न्हाई म्हून आमचा आंगठा हाय, सुभेदार."

आवाजात राग नव्हता. मी पदर सावरून पुढं झाले. सासऱ्यांपुढं तोवर कधी बोलले नव्हते. "मामंजी, उत्पन्न माझं हाय. मी घालते की."

"वाडं तुजं, पोरी. पर बैल आमचं हायती."

वडिलांनी ट्रकचा उघडलेला फाळका परत लावला. मग त्यांनी वाडं चावडीपुढं उतरवलं आणि ज्याला हवं त्यानं न्यावं म्हणाले. सारा गाव लोटला. संध्याकाळी घरोघरची जनावरं आमच्या रानातलं वाडं चघळत होती, आमची दोन सोडून. वडील न जेवताच गेले.

त्याच आठवड्यात सासरे बैल बाजारला घेऊन निघाले. मास्तर भिंतीकडे तोंड करून बसले होते. निघत्या बैलांच्या पायांवर घरातल्या बाईनं पाणी घालायचं असतं. सासूबाईंनी तांब्या माझ्या हातात दिला. माझा हात काही पुढं होईना.

सासरे कासरा धरून थांबले होते. म्हणाले, "घाल की, पोरी. तुजंबी हायती ती."