पांढऱ्या काठीचा रकाना

नगरपालिकेच्या रस्ते विभागात तिला सगळे मोजणीबाई म्हणत. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. बावीस वर्षं ती मोजतच आली होती. चौकातून किती गाड्या वळल्या, शाळेसमोर किती जण रस्ता ओलांडतात, कुठल्या थांब्यावर किती माणसं ताटकळतात. घडीची खुर्ची, छत्री, मांडीवर पाटी आणि कानावर पेन्सिल, एवढा तिचा बाडबिस्तरा. घरी आई म्हणायची, "ही माझ्या गोळ्यासुद्धा दोनदा मोजते. मी गेले तर आधी खात्री करेल, मगच रडेल." मोजणीबाई वरवर रागवायची, पण मनातून सुखावायची. आपला आकडा चुकत नाही याचा तिला चांगलाच ताठा होता.

त्यामुळे पेठेतल्या मुख्य रस्त्याचं रूप पालटायचं ठरलं तेव्हा मोठ्या साहेबांनी तिलाच बोलावलं. बेत मोठा छान होता. सकाळी अकरापर्यंत मालाच्या गाड्या येणार, मग दोन्ही टोकांना गाड्या अडवणारे खांब जमिनीतून वर येणार आणि रस्ता माणसांना मोकळा. मध्ये बाकं, झाडं, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी एक ओटा.

"आधी कोण येतं-जातं ते कळू दे," साहेब म्हणाले. "तुमच्या आकड्यांवर आराखडा बेतणार आहे, बाई."

मोजणी तीन दिवसांची होती. सोमवार नीट पार पडला. बुधवारी दुपारी ऑफिसात टायपिस्टबाईंचा निरोप समारंभ होता. पंधरा वर्षं दोघींनी एकाच टेबलावर डबा खाल्लेला. अर्ध्या तासात परत येऊ म्हणून मोजणीबाई दोन वाजता उठली ती सव्वाचारला परतली. पाटीवर सव्वादोन तास कोरे होते. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि सोमवारचे आकडे समोर ठेवून ते भरून टाकले. खरे वाटावेत म्हणून थोडे वरखाली केले. शेवटचा रकाना पांढऱ्या काठीचा, म्हणजे आंधळ्या माणसांचा होता. तिथे तिने शून्य लिहिलं. शनिवारीही त्या रकान्यात शून्यच आलं, आणि तिला उलट बरं वाटलं.

पेठेमागच्या गल्लीत वेताच्या खुर्च्या विणणारे एक काका राहत. तरुणपणीच त्यांची दृष्टी गेली होती. दर बुधवारी तीनच्या सुमाराला ते फुटपाथच्या कडेला काठी घासत रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला जात आणि दुकानातून वेताची जुडी घेऊन परत येत. मोजणीबाईच्या आईची खुर्ची त्यांनीच विणलेली. शून्य लिहिताना ते आपल्याला आठवले नव्हते, असं ती पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिली.

आराखड्याच्या बैठकीत फुटपाथची कड काढून टाकायचा विषय निघाला. भिंतीपासून भिंतीपर्यंत एकसारखी, सपाट फरशी. कोणीतरी विचारलं, "आंधळ्या माणसांचं काय?" साहेबांनी कागद चाळला. "तीन दिवसांत एकही नाही." मोजणीबाई कोपऱ्यात बसली होती. तिने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

दहा महिन्यांनी रस्ता खुला झाला. दुपारपासूनच गर्दी. ओट्यावर बासरी चालू होती, म्हातारे बाकांवर पाय पसरून बसले होते, आणि साहेब भेटेल त्याला सांगत होते की याचा पाया आमच्या मोजणीबाईंनी घातला. ती लाजून हसत होती. तेवढ्यात गर्दीत तिला ते काका दिसले.

रस्ता सुरू झाल्याचं ऐकून ते सवयीने निघाले होते. ते काठी डावीकडे नेत, उजवीकडे नेत, पण टेकायला कडच नव्हती. ते वळले, चार पावलं चालले, पुन्हा वळले. एका बाकावर गुडघा आपटला. खेळ चाललाय असं वाटून दोन-चार जण हसलेही. काका थांबले आणि समोर कोणी आहे की नाही ते न कळता म्हणाले, "मी कुठे आहे, कोणी सांगता का?"

मोजणीबाई त्यांच्यापासून दहा पावलांवर होती. ती खांबाआड सरकली. शेवटी एका फुलवालीने टोपली खाली ठेवली आणि त्यांचा हात धरला.

आठ दिवस ती लांबच्या रस्त्याने ऑफिसला गेली. घास गोड लागेना. नवव्या दिवशी आईची खुर्ची उचलून ती काकांच्या दारात उभी राहिली. आत त्यांची मुलगी शिवणयंत्रावर होती. काकांनी खुर्चीवरून बोटं फिरवली.

"हिला काय झालंय? वीण तर ठणठणीत आहे."

"खुर्चीचं काही नाही," ती म्हणाली, आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. खांबाआड सरकल्याचंही.

यंत्र थांबलं. मुलगी म्हणाली, "आता दर बुधवारी काम टाकून मलाच बाबांना न्यावं लागणार. चाळीस वर्षं एकटे जात होते ते."

काकांनी वेत पाण्यात बुडवले. मग म्हणाले, "मला तो रस्ता आवडला असता हो. बासरी कानावर येत होती. बसावंसं वाटलं. पण बसलो तर उठून घरी कसं यायचं?" आणि थोड्या कोरडेपणाने, "माफीचं राहू द्या. साहेबांना सांगणार आहात का?"

तिने तिथवर विचारच केला नव्हता. तिथून ती थेट साहेबांकडे गेली आणि सगळं सांगितलं.

साहेबांनी दार लावून घेतलं. "बोललात ते बोललात, लिहून देऊ नका. खाचांच्या फरश्यांची एक पट्टी टाकून घेतो. उगाच तुमचे बावीस वर्षांचे आकडे लोक उकरून काढतील."

हेच तिला ऐकायचं होतं, आणि ऐकून सुटल्यासारखंही वाटलं. त्या सुटकेचीच तिला किळस आली. दुसऱ्या दिवशी तिने घडलेलं सगळं अर्जात लिहून तो आवक विभागात दिला. चौकशी झाली. तिची मोजणी काढून घेतली आणि तिला सामानाच्या कोठारात बसवलं. कोणी तोंडावर बोललं नाही, पण जेवायच्या टेबलावर ती आली की बोलणं हवापाण्यावर यायचं.

चार महिन्यांनी पट्टी झाली. काठीला लागतील अशा खोल खाचांची, रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि एक फाटा ओट्याकडे. पहिल्या बुधवारी कोठाराला कुलूप लावून ती लांबून काकांच्या मागोमाग गेली. अर्ध्या वाटेवर चहावाल्याने नेमक्या पट्टीवर खुर्च्या मांडल्या होत्या. काकांची काठी अडली. या वेळी ती धावली, खुर्च्या भराभर बाजूला केल्या आणि चहावाल्याशी कडाकडा भांडली. आवाजावरून काकांनी तिला ओळखलं.

"बाई, पट्टी झकास झाली आहे. तुमच्यामुळे झाली."

"असं नका म्हणू," ती पुटपुटली. त्यांना दिसत नव्हतं, तरी तिने मान खाली घातली.

काका वेताच्या दुकानाकडे निघून गेले. चहावाला विचारत होता, उद्या खुर्च्या कुठे ठेवू. तिने बोटाने जागा दाखवली आणि कोठार उघडायला गेली.