दोन डॉक्टरांचा मान

सुरतेला पांडेसऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दवाखाना आहे. तिथली सिस्टर गुजराती, पण आमच्यासारख्या खान्देशी बायांशी बोलून बोलून मराठी शिकली. तिचा एक नियम. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायच्या. मला वाटायचं, बाईला उगाच दुसऱ्याच्या पिशवीत डोकावायची हौस.

आमच्या ह्यांना साखरेचा त्रास. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेलो, तेव्हा गावच्या डॉक्टरांनी तपासलं आणि एक गोळी सुरू केली. सुरतेच्या डॉक्टरांची चालूच होती. आता सांगा, कोणाची बंद करायची? गावचे डॉक्टर घरचे, लग्नकार्याला येणारे. इथले रोजचे. म्हणून ह्यांनी दोघांचाही मान राखला. सकाळी एकाची लाल पाकिटातली, तिच्यापाठोपाठ दुसऱ्याची हिरव्या पाकिटातली. मीच पाणी द्यायची.

आठ दिवसांत ह्यांना दरदरून घाम सुटायला लागला. एका सकाळी तर बोलता बोलता जीभ जड झाली, मला आईच्या नावानं हाक मारली. शेजारणीच्या मदतीनं दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांसमोर ही गर्दी. मी म्हटलं, "साहेब, अशक्तपणा आलाय, ताकदीचं इंजेक्शन द्या." डॉक्टरांनी नाडी बघितली, लिहून दिलं. सिस्टरनं कागद वाचला आणि सुई काही हातात घेतली नाही.

"मासी, पिशवी?"

"अगं बाई, माणूस पडायला आलाय आणि तुला पिशवी पाहिजे?"

"पाहिजे."

शेजारीण धावत जाऊन घेऊन आली. तोवर सिस्टरनं ह्यांच्या बोटातून रक्ताचा थेंब काढून मशीनवर बघितला आणि लगेच ग्लुकोजचं पाणी पाजायला घेतलं. साखरेच्या माणसाला गोड! मी ओरडणारच होते. तिनं मला हातानंच गप्प केलं. मग दोन्ही पाकिटं उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली.

"मासी, ह्या दोन्ही एकच गोळी आहे. नाव वेगळा, कंपनी वेगळी. तुम्ही रोज डबल देते. साखर एकदम खाली गेली. अजून थोडा उशीर झाला असता ना..."

 

ती पाकिटं घेऊन आत गेली. मला वाटलं, आता डॉक्टर हिला झापणार, त्यांचं लिहिलेलं अडवलं म्हणून. डॉक्टरांनी पाकिटं बघितली, आपल्याच हातानं इंजेक्शन खोडलं आणि म्हणाले, "बरं झालं विचारलंत." एवढंच. पुढचा पेशंट आत गेला.

तासाभरानं हे माणसात आले. पहिली काळजी काय, तर "गावना डाक्टरले काय सांगू? दिवाईले तोंड दखाडनं शे." दिवाळीला पुन्हा गावी जायचं होतं ना!

सिस्टरनं चिठ्ठी लिहून दिली, की ही गोळी पेशंटला आधीपासून चालू आहे, कृपया दुसरी देऊ नये. खाली डॉक्टरांची सही घेतली. चिठ्ठी बघून ह्यांचा जीव भांड्यात पडला. स्वतः मरता मरता वाचले, त्याचं काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना डॉक्टरांनी सांगितली तेवढीच गोळी दिली, पोटभर खाऊ घातलं आणि दुपारपर्यंत ह्यांच्यासमोर बसून राहिले.

"अशी काय देखी राहिनी?" हे म्हणाले. "लगनमा बी इतलं देखं नव्हतं."

मी म्हटलं, "तेव्हा गरज नव्हती."