पेपर सुटेपर्यंत

शालन वहिनींना जाऊन आता महिना होत आला. दादाचा फोन आला तेव्हा नुकतं उजाडत होतं. सांगलीच्या दवाखान्यातून बोलत होता, पण बोलणं कसलं... "शालन गेली रं," एवढंच, आणि मग नुसता श्वास ऐकू येत राहिला. सैन्यात उमेदीची वर्षं घालवलेला मी, पण उंबऱ्यावरच बसलो. शेवटी तोच सावरून म्हणाला, "पोरीला पेपर सुटेपर्यंत काय सांगू नगंस. शालननं लय जीव लावलाय त्या परीक्षेवर. संध्याकाळी आमी शालनला घेऊन येतो." आत माझी मुलगी ईश्वरी त्याच परीक्षेला जायला आवरत होती. शिष्यवृत्तीची परीक्षा, केंद्र पाटणला.

ईश्वरी वाचायची ते सुसाट, एकाही थांब्यावर न थांबणाऱ्या एसटीसारखं. उतारा संपला की विचारावं, "काय कळलं?" तर पोर छताकडे बघायची. मराठीच्या सराव पेपरात उताऱ्याखालचे प्रश्न हमखास चुकायचे. माझी शिकवायची रीत एकच, आवाज चढवायचा. वहिनी कराडला शिक्षिका होत्या. एका रविवारी गावी आल्या, माझा आरडाओरडा ऐकला आणि म्हणाल्या, "भावजी, ही पलटण न्हवं. द्या तिला माझ्याकडं."

तेव्हापासून दर रविवारी ओट्यावर त्यांचा वर्ग भरायचा. गाईड बाजूला आणि हातात बियाण्याची पिशवी, नाहीतर कारखान्याची नोटीस. एकदा तर भाचीच्या लग्नाची पत्रिकाच वाचायला दिली. "नवऱ्या मुलाचे आजोबा आहेत का गं?" ईश्वरीने बराच वेळ पत्रिका न्याहाळली. "हायत." "कशावरून?" "नावाफुडं कैलासवासी लिवलं न्हाई." वहिनींनी तिचा असा मुका घेतला की जणू निकालच लागला! मी कुरकुरलो, "वहिनी, पेपरात पत्रिका येणार आहे का?" तर म्हणाल्या, "लिहिलेलं ती वाचतेच की, भावजी. न लिहिलेलं कोण वाचणार?" मला ते तेव्हा मास्तरकीतलं बोलणं वाटलं होतं.

मग त्यांचं दुखणं निघालं आणि सांगलीच्या वाऱ्या सुरू झाल्या. तरी शिकवणी सुटली नाही, खाटेवरून फोनवर चालायची. मध्येच दम लागायचा, ईश्वरी गप्प राहून वाट बघायची, मग पुढचा प्रश्न. माझी बायको काकुळतीला येऊन म्हणायची, "आवं ताई, इसावा घ्या की." त्यावर उत्तर ठरलेलं, "पोरीचा आवाज ऐकला की सलाईन लवकर संपतंय बघ."

त्या सकाळी ईश्वरीने बुटाचे बंद बांधता बांधता विचारलं, "मोठ्या आईचा फोन न्हाई आला?" मी म्हणालो, "रेंज नसंल बाळ." तिने माझ्याकडे एकवार बघितलं आणि दप्तर उचललं. बायकोने मघाशीच चूळ भरल्यासारखं करून डोळे धुतले होते. आम्हाला वाटलं, निभावलं.

पहिला पेपर सुटला. दुसऱ्या पेपरला अवकाश होता आणि मैदानात ओळखीची माणसंच माणसं. ईश्वरी झाडाखाली डबा खात होती. तेवढ्यात आमच्या गावचा एक जण लांबूनच हात करत आला, "मेजर, सांगलीसनं गाडी निघाली का? लई वंगाळ झालं..." त्याचा दंड धरून मी त्याला अक्षरशः ओढत भिंतीपलीकडे नेला. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. परत आलो तर पोर भाकरीचा तुकडा हातात धरून खाली मान घालून बसलेली. काही ऐकलं असेल का? विचारायची छाती झाली नाही. घंटा झाली, ती उठली, हात धुतले आणि आत गेली. तो दीड तास मी काढला कसा, माझं मला ठाऊक.

सुटल्यावर ती गाडीवर माझ्या मागे बसली. पाटण मागे पडलं. मग पाठीमागून आवाज आला.

"पप्पा, मोठी आई गेली न्हवं?"

"कोण म्हणलं तुला?"

"कोन न्हाई. आईनं आज देवापुढं दिवा लावला न्हाई. मला पाया पड म्हणाली न्हाई. आन तुमी सकाळपासनं माझ्यावर एकदाबी वरडला न्हाई."

सुतकात दिवा लावायचा नाही, हे आमच्या हाडात इतकं मुरलेलं, की सगळं लपवताना तेवढं आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"कवा कळलं तुला?"

"घरातनं निघतानाच."

मी गाडी हळू केली. "मग... पेपर?"

"लिवला की सगळा. उतारा सोपा हुता." तिने माझा शर्ट मुठीत घट्ट धरला. "पप्पा, आता रडलं तर चालंल न्हवं?"

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.