दुसरं क्लिक खालच्या ओळीवर

बाबांच्या हाताला साच्याची थरथर आहे, असं लालबागच्या आमच्या चाळीत सगळेच म्हणायचे. साचा म्हणजे गिरणीतला माग. ज्यांनी जन्मभर साचे चालवले, त्यांना ऐकू कमी आलं तर साच्यामुळे, आणि हात हलला तरी साच्यामुळेच. संपानंतर गिरणी कायमची बंद पडली, तरी दुखण्याखुपण्याचं खापर फोडायला ती चाळीला पुरत होती. डॉक्टरची पायरी चढायची कुणाला गरजच वाटत नसे.

संपानंतर बाबांनी पडेल ते काम केलं. भाजी विकली, वॉचमनकी केली, घरात मात्र बोलायचं जवळजवळ सोडून दिलं. पुढे मी शिकून दादरच्या एका छोट्या कंपनीत प्रोग्राम लिहायला लागले, आणि हिंदमाताच्या एका साडीच्या दुकानाचं काम आमच्याकडे आलं. फॉल-बिडिंगला टाकलेल्या साड्या तयार झाल्या की ज्याच्या त्याला परत द्यायच्या, त्याची नोंद कॉम्प्युटरवर. प्रोग्राम मी लिहिला आणि त्या खुर्चीवर शेठनी माझ्या शब्दावर बाबांना बसवलं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालायला लागले. जेवताना दुकानातल्या गमती सांगायला लागले. मला त्यांचा इतका अभिमान वाटायचा की मी त्यांच्या हाताकडे कधी नीट पाहिलंच नाही.

काम सोपं होतं. पडद्यावर ग्रिड, म्हणजे चौकटींचा तक्ता. एका ओळीत एक गिऱ्हाईक. ओळीवर माउसचं बटण पटकन दोनदा दाबलं की त्या गिऱ्हाइकाचं पान उघडायचं, साडी कुठल्या खणात आहे ते दिसायचं. या दोनदा दाबण्याला डबल क्लिक म्हणतात, आणि ते झालं की काय करायचं हे प्रोग्रामला मी सांगून ठेवलं होतं.

लग्नसराईच्या तोंडावर परळच्या एका नवरीचा शालू फणसवाडीतल्या कुणा बाईंच्या हातात पडला. तो परत मिळाला. मग पुन्हा एक साडी चुकली. दोन्ही वेळा खालच्या ओळीतल्या गिऱ्हाइकाचं पान उघडलं होतं. शेठनी मला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण धंद्यात भिडस्त नव्हता.

"ताई, प्रोग्रामची गलती असेल तर सुधारा. फादरची असेल तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

मी कंबर कसली. चूक माझी निघावी म्हणून मी इतकी कधीच झटले नव्हते. आणि एक सापडलीही: ग्रिडच्या मथळ्यावर, म्हणजे सगळ्यात वरच्या रकान्यांच्या नावांवर, डबल क्लिक केलं, तरी आधी निवडलेली ओळ उघडत होती. मला इतका आनंद झाला की बाबांना मी दुकानात फोन करून सांगितलं. मथळ्याला कुलूप घातलं आणि निश्चिंत झाले. त्याच आठवड्यात आणखी एक साडी भलतीकडे गेली.

आता एकच शक्यता उरली होती, आणि ती मला नको होती. दोन दाबण्यांच्या मध्ये माउस जरासा जरी हलला, तर कॉम्प्युटर ते डबल क्लिक धरत नाही. माणूस वैतागून पुन्हा दाबतो, तोवर पडद्यावरचा बाण खालच्या ओळीवर घसरलेला असतो. मी पडद्यावर एक कोरी खिडकी तयार केली. जिथे क्लिक होईल तिथे काळा ठिपका उमटेल, एवढंच तिचं काम. दुपारी गिऱ्हाईक नसताना दुकानात गेले आणि बाबांना म्हटलं, "यात नुसतं डबल क्लिक करत राहा."

"तुझ्या पोरगामात काय तरी बिघाड आसा," बाबा म्हणाले. मनातलं बोलायचं असलं की ते कोकणातल्या बोलीवर यायचे. "मी बरोबर दाबतंय."

त्यांनी दाबलं. ठिपक्यावर ठिपका पडायला हवा होता. दुसरा बराच खाली पडला. पुढचा त्याच्याही खाली. थोड्या वेळात पडद्यावर मोहरी सांडल्यासारखी दिसायला लागली.

पलीकडे बाबांचे जुने सोबती, ज्यांना मी काका म्हणायचे, पार्सलं बांधत होते. गिरणीत बाबांच्या शेजारचे साचे त्यांचे, आणि दुकानातही शेजारीच. ते उठून आले. "साच्याची थरथर ती, पोरी. माझा पण हात तसाच. सरक रे, दाखवतो तिला."

काकांनी बाबांच्या खुर्चीत बसून दोनदा दाबलं. पडद्यावर एकच ठिपका आला.

त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा एकच. आम्ही तिघंही त्या ठिपक्यांकडे बघत होतो. तेवढेच साचे, तितकीच वर्षं, आणि हात मात्र स्थिर. इतकी वर्षं चाळीने दिलेलं कारण माझ्या डोळ्यांसमोर निकालात निघालं; बाबांचा हात दुसऱ्याच कुठल्या दुखण्याने हलत होता. तेवढ्यात काकांनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि मुद्दाम मनगट हलवत बटण दाबायला लागले. ठिपके इकडेतिकडे पडले.

"हे बघ," ते हसत म्हणाले. "माझे पण पडले खाली. माउसच फालतू आहे."

बाबांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. तुटलेले धागे जोडताना तो हात त्यांनी उभा जन्म पाहिला होता.

"नको रे," बाबा म्हणाले.

काका उठले आणि पार्सलांकडे गेले, पण दोरा काही त्यांच्याने बांधवेना. बाबा पडद्यासमोर उभेच राहिले. मग त्यांनी थरथरणारा उजवा हात डाव्या हाताने धरला.

"तुझो पोरगाम बरोबर आसा गो," ते म्हणाले. "शेटाक मी सांगतंय. तुझ्या आयेक तू सांग."