आमच्या गायरानातलं विमान कंपनीचं जंगल

अन्याय माझ्या मावशीवर झाला. गेल्या वर्षी, नागपंचमीच्या दिवशी, सकाळी. करणारी एक स्वस्तातली विमान कंपनी, आणि तिने तो हवामान वाचवण्यासाठी केला.

दिवस मुद्दाम सांगतोय. चाकणच्या पलीकडे आमच्या गावात नागपंचमीला कुणी मातीला लोखंड लावत नाही. नांगर नाही, कुदळ नाही, साधं खुरपंही नाही. त्यामुळे रानात चिटपाखरू नव्हतं. बायका वारुळाला गेलेल्या, पुरुष पारावर. कंपनीने नेमका तोच दिवस धरला, कारण त्यांच्या माणसांना सुट्टी होती आणि बस मिळाली. जेसीबी गायरानात शिरला तेव्हा सरपंच तिथेच उभे होते. मागाहून मी विचारलं तर म्हणाले, "मशीन त्यांचं, पाप त्यांचं. आपल्याला काय राव?"

कंपनीचं सगळंच खोटं आहे असं मी म्हणत नाही. त्यांनी कमी इंधन पिणारी नवी विमानं घेतली, खुर्च्या हलक्या केल्या, विमानतळावर उतरल्यावर ती एकाच इंजिनावर चालवायला सुरुवात केली. हे काम खरं आहे. पण विमानंही वाढवली, फेऱ्याही वाढवल्या. मग उरलेल्या धुराचं काय? उरलेल्या धुरासाठी आमचं गायरान: तिथे झाडं लावायची आणि तेवढा धूर फिटला असं हिशोबात मांडायचं.

गायरानाच्या ओढ्याकडच्या कोपऱ्यात गावाची लेकरं आहेत. आमच्यात तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. नाव नाही, चौथरा नाही. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर एक दगड, घरात जो असेल तो. मावशीची लेक दीड वर्षाची असताना तापाने गेली. पुरायला बाया जात नाहीत, काका एकटे घेऊन गेले. वर त्यांनी फुटक्या जात्याचा अर्धा दगड ठेवला, खुंट्याच्या भोकासकट, म्हणजे मावशीला नंतर ओळखू यावा. काका आता नाहीत. ती जागा जाणणारा तेवढा एक दगड उरला होता.

जेसीबीवाल्याने कोपरा साफ केला, ओळीत खड्डे पाडले, दगड एका बाजूला ढकलले. कंत्राटदार हुशार, त्याने दगड वाया घालवले नाहीत. कंपनीच्या पाटीभोवती गोल रचले, सिमेंटात बसवले, एकाला गेरू, एकाला चुना. बसमधून आलेल्यांनी त्या गोलात उभं राहून फोटो काढले. एकाच्या हातात तर झाडाचं रोप उलटं होतं, मुळं वर.

मावशी एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. तिसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर ती गायरानात गेली आणि तिथून मला भोसरीला फोन केला. नुसती म्हणाली, "ये." मी पोचलो तेव्हा ती त्या गोलापाशी बसली होती. खुंट्याच्या भोकात बोट घालून. तिचा दगड चुन्याचा होता.

कंत्राटदार तिथेच होता. मी म्हटलं, हा दगड काढून द्या.

"भावा, सिमेंट आहे. एक काढला तर सगळी बॉर्डर हलेल."

"हे कुणाचे दगड आहेत माहीत आहे का?"

"दगड कुणाचे असतात व्हय?" असं म्हणून तो हसला. "घेऊन तरी काय करणार? जागा कुठं माहितीय तुम्हाला?"

खरं बोलला. दगड सापडला होता, लेक हरवली होती.

तेवढ्यात कंपनीच्या वाकडच्या ऑफिसातली एक मुलगी कॅमेरा घेऊन आली. गोड बोलणारी. मावशीपुढे उकिडवी बसली. "आजी, काय झालं?"

मावशी पंचेचाळिशीची आहे. म्हणाली, "आजी व्हायला लेक जगावी लागती. माझी हितं खाली हाय."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, मी पाहिलं. मग ती म्हणाली, "परत एकदा म्हणाल का? इकडे बघून?"

आणि मावशी परत म्हणाली. तिला वाटलं, कुणीतरी लिहून घेतंय.

दिवाळीच्या सुमाराला वाकडच्या एका मित्राने मला व्हिडिओ पाठवला. वर लिहिलं होतं, "ही तुझी मावशी ना? भारी!" मावशीचा आवाज काढून टाकला होता. मागे बासरी. रडणारा चेहरा, चुन्याचा दगड, रोप, मग आकाशात विमान. खाली अक्षरं: माझी लेक आता झाड झाली. हे ती कधीच म्हणाली नव्हती. सरपंचांना दाखवला तर ते खूश. "उलट बरं झालं की! पोरीचं नाव निघालं." नाव तर त्यात कुठेच नव्हतं.

उन्हाळ्यात रोपांना पाणी घालणारा कंपनीचा टँकर बंद झाला. फोटो झाले होते, पाणी कशाला? जंगल वाळलं. फक्त ओढ्याकडची एक ओळ हिरवी राहिली, कारण मावशी कँटीनमधून पाण्याचे कॅन नेऊन तिथे घालत होती. मे महिन्यात कंपनीचा माणूस पाहणीला आला, त्याने त्याच ओळीचे फोटो काढले आणि म्हणाला, "गावाचा सहभाग छान आहे."

त्या संध्याकाळी मी मावशीवर ओरडलो. "घालू नकोस पाणी! वाळू दे. तुझ्या जिवावर त्यांची विमानं हिरवी होतायत, कळतं का तुला?"

"कळतं की. येडी न्हाई मी."

"मग?"

"कुठल्या खड्ड्यात हाय ते ठावं न्हाई, म्हनून समद्यांस्नी घालते. तुझी बहीनच हाय ती. वाळवायची तर तू वाळव." आणि तिने दुसरा कॅन माझ्यापुढे ठेवला.

मी उचलला. सगळ्या ओळीला घातला. त्यांचा हिशोब मीही हिरवा केला, बहिणीसाठी.

आता तुम्ही. या कंपनीचं तिकीट काढताना शेवटी एक हिरवं पान येतं: "या प्रवासासाठी झाड लावा." त्यावर बरोबरची खूण आधीच केलेली असते. ती काढा. मन हलकं करायला आमचं गायरान वापरू नका. आणि प्रवास झाल्यावर ते विचारतात ना, अनुभव कसा वाटला, तिथे तारे देत बसू नका. एवढंच लिहा: चाकणजवळच्या तुमच्या पाटीभोवतीचं सिमेंट फोडा आणि जात्याचा तो दगड त्या बाईच्या हातात परत द्या. आजच लिहा.